सहलीच्या यादीवरचा अंगठा

सहलीला नेण्यासाठी तुमच्याकडे कुणी कधी अंगठ्याचा ठसा मागितला आहे का? आमच्याकडे मागितला. आमच्या वरच्या आळीत त्याचं फारसं कुणाला नवल वाटलं नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

आमचं गाव पौडपासून आत, डोंगराच्या पायथ्याला. गावाच्या वरच्या अंगाला एक थीम पार्कचं रिसॉर्ट झालं आहे. पाण्याच्या घसरगुंड्या, लाटा उठणारा तलाव, फायबरचे हत्ती, राहायला खोल्या. रविवारी बावधनच्या बाजूने गाड्यांची रांग लागते. त्या गाड्यांना वाट द्यायला आम्ही बांधावर चढून उभे राहतो. आत मात्र कुणी गेलेलं नव्हतं. माझे काका तिथे सुरक्षारक्षक आहेत, तेही फाटकापर्यंतच.

गेल्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी काका एक चकचकीत पत्रक घेऊन आले. मालकांनी आळीतल्या सगळ्या घरांना एका रविवारी फुकट बोलावलं आहे, जेवणासकट, बस दारात येईल, असं त्यांनी सांगितलं. त्यांच्या दोघी मुली तेवढ्यात उड्या मारायला लागल्या होत्या.

मी पत्रक उलटं करून खालची ओळ शोधली. ही माझी घरची सवय. माझे वडील पौडच्या एका छापखान्यात कामाला होते आणि उरलेल्या वेळात पत्रकं काढायचे. रेशनसाठी, दाखल्यांसाठी, एसटीच्या बंद झालेल्या फेरीसाठी. आमच्याकडे सुट्टीचा दिवस म्हणजे पत्रकांना घड्या घालायचा दिवस. अक्षरं मी त्याच कागदांवर गिरवली. पत्रकाच्या खाली ते कुणी काढलं, कुठे छापलं हे असतंच; ते नसेल तर कागद हातात धरू नये, असं वडील सांगायचे. या कागदावर हसणारं एक कुटुंब होतं, ते आमच्याकडचं नव्हतं. बोलावतंय कोण आणि कशासाठी, ते कुठेच नव्हतं.

मी तसं म्हटलं, तर काका आईकडे वळून म्हणाले, "वहिनी, ही पोरगी लग्नाच्या पत्रिकेत बी कारस्थान शोधंल."

त्यांचं चुकलं नव्हतं. आदल्या वर्षी गावात डोळे तपासणीचं शिबिर आलं, तेव्हा मी घरोघर जाऊन जाऊ नका म्हणून सांगितलं होतं. शिबिर खरं निघालं. त्यातल्याच चष्म्याने वडील आता पेपर वाचतात. तेव्हापासून माझ्या संशयाला घरात किंमत उरली नव्हती.

सहलीची तयारी सुरू झाली. पाण्यात उतरायचं तर नायलॉनचेच कपडे हवेत, साडी चालणार नाही. बाहेरचं खाणं आत न्यायचं नाही. डब्याचं ऐकून आईला पहिल्यांदा खटकलं. एवढी मोठी माणसं आपल्या भाकरीला का भितात, असं तिने विचारलं. काका स्वच्छतेचं काहीतरी बोलले. मग त्यांनी खिशातून दुसरा कागद काढला. ही सहलीची यादी. नाव, वय, आधार नंबर, सही. विम्यासाठी लागते म्हणाले. पहिल्या नावाच्या वर चार बोटं जागा कोरी होती. तिथे काय येणार, असं मी विचारलं. ते ऑफिसात छापतील, म्हणाले.

आमच्या गावात सही अशीच होते. ग्रामसभा संपली की रजिस्टर घरोघर फिरतं आणि सभेला न गेलेली माणसंही हजर होतात. भाकरी थापता थापता पदराला हात पुसून आईने अशा कितीतरी सह्या केल्या आहेत. त्याही संध्याकाळी ती पेन शोधायला उठली होती. मी यादी धरून ठेवली आणि भांडले. शेवटी वडिलांनी काकांना सांगितलं, कागद राहू दे, दोन दिवसांनी ने. काका गेल्यावर ते मला म्हणाले, "माझ्या पत्रकांपायी तुझ्या आईनं कधी काय पाह्यलं न्हाई. एक दिवस तरी जाऊ दे तिला."

दुसऱ्या दिवशी मी आईबरोबर पौडला कपडे घ्यायला गेले. बाजारातल्या ज्या चाचांकडून आम्ही वर्षानुवर्षं कापड घेतो, त्यांनी नायलॉनचे पोशाख वरच काढून ठेवले होते. ते म्हणाले, "ताई, वरच्या आळीचं हे सातवं घर आलं माझ्याकडं. खालच्या आळीला न्हाई का बोलावलं?"

आईने निळा कुर्ता अंगाला लावून पाहिला आणि लाजून हसली. मी चाचांच्या प्रश्नापाशी अडकले. परतीच्या एसटीत मला उत्तर सुचलं. वरच्या आळीच्या सगळ्या घरांची शेतं पाणंदीला लागून आहेत, खालच्या आळीची नाहीत. पाणंद म्हणजे दोन्ही बांधांच्या मधून डोंगरावरच्या वाडीपर्यंत जाणारी आमची जुनी बैलगाडीची वाट. वाडीची माणसं तिच्यावरूनच मजुरीला आणि दवाखान्यात उतरतात. वरच्या टप्प्यात तिच्या दोन्ही बाजूंची जमीन रिसॉर्टने घेतली आहे. मधे फक्त ही वाट उरली आहे. ती बंद झाली तर वाडीला डोंगराला वळसा घालून यावं लागेल. आणि यादीवरच्या कोऱ्या जागेत ‘वाट बंद करायला आमची हरकत नाही’ असं छापलं, तर खाली सह्या आमच्याच असतील.

मी आईला हे सांगितलं. तिने कपड्यांची पिशवी मांडीवर घट्ट धरली आणि खिडकीबाहेर पाहत राहिली. हिचं डोळ्याच्या शिबिरासारखंच आहे, असं तिला वाटत असावं.

सकाळी वाडीवरची मावशी करवंदं घेऊन आली. ती दर उन्हाळ्यात येते, ओट्यावर टेकते, चहा पिते. आईने बशी पुढे केली तेव्हा तिला मावशीचा अंगठा दिसला. जांभळा होता. करवंदांचा डाग इतका गोल नसतो.

आईने काय झालं म्हणून विचारलं. मावशी म्हणाली, "सायब आलता, शाईची डबी घिऊन. समद्या वाडीचं अंगठं घेतलं. लेकरांना पाण्यात खेळाया न्हेनार हायेत."

"कागदावर वर काय लिवलं व्हतं?"

"मला काय वाचता येतंय व्हय गं? मोकळाच दिसला मला."

मावशी गेल्यावर आईने यादी मागितली आणि ती कोरी चार बोटं बराच वेळ पाहिली. मग मला म्हणाली की कागद घ्यायला येतील तेव्हा तू तोंड उघडायचं नाहीस.

संध्याकाळी काका रिसॉर्टच्या एका साहेबांना घेऊन आले. तरुण होते, बोलायला गोड. ओट्यावर आळीतली बरीच माणसं जमली होती. आईने पेन घेतलं आणि सगळ्यांसमोर कोऱ्या जागेत सावकाश लिहिलं: या सह्या फक्त एका दिवसाच्या सहलीसाठी आहेत, पाणंदीसाठी नाहीत. तिच्या अक्षराने चारही बोटं भरली. खाली तिने सही केली आणि कागद शेजारणीकडे दिला.

साहेब म्हणाले, "काकू, वर काही लिहायचं नव्हतं. ऑफिसचा फॉरमॅट असतो."

"मग फारमॅट छापूनच आणा की. आमी थांबतो. आन् वाडीचा कागद बी आणा, त्याच्यावर बी लिवायचंय."

काका जमिनीकडे पाहत होते. साहेब हसले, यादीची घडी घातली आणि नवीन कागद पाठवतो म्हणाले. बस रविवारी नक्की येईल, असंही म्हणाले.

रविवारी आळी सकाळपासून आपापल्या दारात उभी होती. काकांच्या मुलींनी नवे कपडे आतूनच घातले होते. दहाच्या सुमाराला काकांना फोन आला की तलावाची दुरुस्ती निघाली आहे, सहल पुढे गेली. ती अजून पुढेच आहे. नवीन कागद आला नाही. काकांना पुढच्या फाटकावरून मागच्या फाटकावर टाकलं. त्यांच्या मुली महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. आईशी बोलत होत्या. आईने तो निळा कुर्ता भाताच्या लावणीला वापरला. लवकर वाळतो, म्हणाली. मला मात्र तो चिखलात पाहवत नव्हता.

ते खरोखर पाणंदीसाठीच होतं का, हे मला आजही शपथेवर सांगता येणार नाही. तलाव खरंच बिघडला असेल. यादी खरंच विम्याची असेल. पण सहलीच्या कागदावर सहल असं लिहिलं की तो निरुपयोगी कसा होतो, हे मला कुणी सांगितलेलं नाही. आणि वाडीचा कागद अजून त्यांच्याकडेच आहे.

म्हणून वडिलांनी बऱ्याच वर्षांनी पुन्हा मजकूर लिहिला. आमचे अंगठे सहलीसाठी म्हणून घेतले आहेत, दुसऱ्या कशालाही आमची संमती नाही. वाडीतल्या प्रत्येकाला तो दोनदा वाचून दाखवला, मगच अंगठे घेतले. मावशी आणि आई तो घेऊन पौडच्या तहसील कचेरीत गेल्या. कारकुनाने अर्ज घेतला, दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून दिला. ती प्रत वाडीत एका पत्र्याच्या पेटीत आहे. पाणंद आज चालू आहे. तिच्या तोंडाशी सिमेंटचे दोन नवे खांब उभे राहिले आहेत. फाटक अजून बसलेलं नाही.

आज जेवायला बसाल तेव्हा घरातल्या प्रत्येकाला विचारा, म्हाताऱ्यांना आधी: वर कोरी जागा असलेल्या कुठल्या कागदावर सही किंवा अंगठा दिला आहे का? दिला असेल, तर तो कशासाठी दिला ते लिहून उद्याच कचेरीत अर्ज द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का पडेपर्यंत खिडकीपासून हलू नका.