कानवाली आणि मशीनचा डोळा

"माझी परीक्षाच घ्यायची होती तर घरी घ्यायची. तिथे चारचौघींसमोर कशाला?"

कामावरून परत आल्यापासून हे वाक्य तिने चपला काढताना, तोंड धुताना आणि आता मटार सोलताना असं तीन खोल्यांतून म्हटलं होतं. नवरा प्रत्येक खोलीत तिच्या मागोमाग जात होता आणि प्रत्येक खोलीत तेच उत्तर देत होता. घरी कारखान्याचं मशीन नाही, आणि परीक्षा द्यायला तीच तयार झाली होती. "लावा पैज" कोण म्हणालं होतं? तो म्हणाला नव्हता.

"म्हणाले असेन. तुम्ही लगेच धावत जाऊन बॉबिन भरायची?"

सासूबाई जेवणाच्या टेबलाशी येऊन बसल्या होत्या. त्यांचं कानातलं यंत्र एरवी डबीत असायचं. बातम्यांना नाही, पाहुण्यांना नाही, डॉक्टरांकडे जातानासुद्धा नाही. पण घरात कुणाचा आवाज चढला की त्या आत जायच्या आणि यंत्र लावून बाहेर यायच्या. आज त्या बॅटरीही बदलून आल्या होत्या.

दोघं एकाच कारखान्यात होती. पाठीवर लावायच्या बॅगा शिवणारा कारखाना, शाळेच्या, प्रवासाच्या, डोंगर चढणाऱ्यांच्या. तो मशीनं दुरुस्त करायचा. ती बॅगेला पट्टा जोडायची. बॅगेतलं सगळ्यांत महत्त्वाचं काम ते, असं ती म्हणायची आणि त्यात खोटं काही नव्हतं. खिसा उसवला तर पेन पडतं. पट्टा उसवला तर बॅगच रस्त्यावर.

कारखान्याच्या हॉलमध्ये तिला सगळे 'कानवाली' म्हणत. नवीन लागलेल्या मुलींना तर तिचं खरं नावही माहीत नव्हतं. झालं असं होतं, की शिलाईच्या मशीनमध्ये वरचा धागा डोळ्यांसमोर असतो, तो तुटला तर दिसतो. खालचा धागा मात्र आत, छोट्या बॉबिनवर गुंडाळलेला. तो कधी संपतो ते कळत नाही. सुई आपली वरखाली होत राहते, वरून शिवण छान सरळ दिसते, आणि खाली धरून ठेवायला काहीच नसतं. नुसती भोकं. बायका बऱ्याचदा अख्खा पट्टा शिवून, कापड उलटं करून बघत आणि कपाळाला हात लावत. हिला ते उलटं करावं लागत नसे. खालचा धागा संपला की मशीनचा आवाज पोकळ होतो, म्हणायची. स्वतःच्याच नाही, शेजारणीच्याही मशीनचा. मान वर न करता ती ओरडायची, "ए चष्मेवाले, तुझी रिकामी चाललीये," आणि चष्मेवाली बघायची तर खरंच रिकामी. त्यावर पैजा लागत. चहाच्या सुट्टीत हॉलचा साहेबही एकदा हात पाठीमागे बांधून ऐकायला उभा राहिला होता, आणि पुढे बरेच दिवस तो पाहुण्यांना हॉल दाखवताना तिच्याकडे बोट करायचा.

एवढी वर्षं असं चाललं आणि मग नवऱ्यानेच डोळे आणले.

डोळा म्हणजे बॉबिनच्या पुढ्यात बसवायचं एक बटणाएवढं यंत्र. बॉबिनवर धागा आहे तोवर खालचा चकचकीत धातू झाकलेला राहतो. धागा संपत आला की धातू उघडा पडतो, चमकतो, आणि ती चमक दिसली की डोळा मशीन बंद करतो, लाल दिवा लावतो, वर किरकिरतो. नवरा या डोळ्यांसाठी साहेबाच्या मागे लागला होता, वर्षभर तरी. घरी जेवताना तोच विषय. डोळे मंजूर झाले त्या दिवशी तो लेकीच्या निकालाला हसला नव्हता इतका हसत घरी आला. बायकोने फक्त विचारलं होतं, "म्हणजे आता मी कशाला हवी?" त्याला ती थट्टा वाटली.

डोळ्याचं एक होतं. पांढरा चकचकीत धागा आला, की त्याला तो धागाच धातूसारखा दिसायचा. भरलेल्या बॉबिनवर मशीन थांबायचं. लाल दिवा, किरकिर. झाकण उघडा, बघा, बंद करा. पुन्हा थांबायचं. नवऱ्याने बायकांना समजावलं होतं, की पांढरा धागा असेल तेव्हा मला हाक मारा, मी त्याची नजर कमी करून देतो, छोटा स्क्रू आहे. बाकीच्या हाक मारत. कानवाली कशाला मारेल? नवऱ्याला हॉलभर ऐकू जाईल अशी हाक मारायची, की या आणि माझं मशीन मला चालवून द्या? तिने त्याच्याच हत्यारांच्या पेटीतून काळ्या टेपचा तुकडा काढला, डोळ्यावर चिकटवला आणि कामाला लागली. डोळ्याला अंधार दिसला. अंधार म्हणजे चमक नाही, चमक नाही म्हणजे धागा आहे. त्यानंतर त्याने कधी म्हणून किरकिर केली नाही. नवरा घरी कौतुकाने सांगायचा, तुझ्या मशीनवरचा डोळा सगळ्यांत चांगला निघाला.

आज सकाळी तपासणीच्या टेबलावर एका बाईने बॅग उचलली आणि पट्टा तिच्या हातात राहिला. दुसरी उचलली, तसंच. गठ्ठ्यावर मशीनचा नंबर असतो. साहेबाने नवऱ्याला बोलावून विचारलं, डोळे बसवूनही असं होतंच कसं? नवऱ्याने जाऊन झाकण उघडलं. टेप त्याने ओळखली, कारण ती त्याचीच होती. त्याने ती खिशात घातली. "उद्या सकाळी सांगतो साहेब, बघावं लागेल," एवढंच म्हणाला. मग चहाच्या सुट्टीत, मशीनं थांबल्यावर, बायकोपाशी येऊन खालच्या आवाजात विचारलं, तुला ऐकू नाही आलं का गं?

ती भडकली. ऐकू न यायला काय झालं? हॉलमध्ये आज पंखे किती जोरात होते. लावा पैज.

म्हणून त्याने अगदी थोडा धागा असलेली बॉबिन घातली, तिला मशीनकडे पाठ करून उभं केलं आणि चिंधीवर शिवत गेला. चष्मेवाली आणि आणखी काही जणी चहाचे कप घेऊन उभ्या. मशीन नीट शिवत असताना ती म्हणाली, "संपला." त्याने पुन्हा सुरू केलं. मग धागा खरंच संपला, सुई रिकामी धावायला लागली, सगळ्या जणी एकमेकींकडे बघायला लागल्या आणि ती तशीच उभी राहिली, मान जराशी तिरपी करून, चेहऱ्यावर तो ओळखीचा, मला-सगळं-कळतं असा भाव. त्याने पाय काढून घेतला तेव्हा तिने मागे वळून विचारलं, "का थांबलात?"

कुणी हसलं असतं तरी चाललं असतं. चष्मेवालीने चहा पुढे केला.

"पंखे होते म्हणे," नवरा आता मटारच्या शेंगा उगाचच इकडून तिकडे करत म्हणाला. "परीक्षा घेतली तेव्हा चहाची सुट्टी होती, पंखे बंद."

"शेंगा सोडा. सोललेल्यात टाकताय."

लेक कॉलेजातून आली आणि दारातूनच तिला कळलं की घरात काय हवा आहे. तिने आजीकडे बघितलं, आजीने कानाकडे बोट दाखवलं. स्वतःच्या नाही, सुनेच्या. ते नेमकं सुनेने पाहिलं.

"काय खुणा चालल्यात?"

काही नाही, असं लेक म्हणाली. हे घरातलं जुनं उत्तर होतं आणि कधीच खरं नसायचं. आईने मटारची टोपली हातातून खाली ठेवली आणि लेकीला समोर बसवलं. मग एकेक बाहेर यायला लागलं, आणि ज्या थंडपणे आलं त्यानेच ती जास्त चिडली. दाराची घंटा वाजली की गेले कित्येक महिने लेकच आधी धावत जाऊन दार उघडत होती, कारण आईला ऐकू जात नव्हतं. आईचा फोन वाजला तर ती नेऊन हातात द्यायची आणि म्हणायची, आई, आत्ताच वाजला. दूध उतू जायला लागलं की नवरा गॅस बंद करायचा आणि मी इथूनच चाललो होतो म्हणायचा. टीव्हीचा आवाज सासूबाईंसाठी वाढवलाय असं सगळे म्हणत. सासूबाई तर यंत्राशिवाय टीव्ही नुसता बघायच्या.

"म्हणजे सगळ्यांना माहीत होतं," ती म्हणाली.

"तुला वाईट वाटू नये म्हणून," नवरा म्हणाला.

"आणि तुम्हाला माहीत असून तुम्ही मला पट्ट्यावर बसू दिलंत?"

त्याने मान खाली घातली. म्हणाला, की त्याला वाटलं डोळा आहे ना आता, काळजी नाही. डोळे आणायची घाई त्याला उगाच नव्हती. ती निम्मी तिच्यासाठी होती. तिला कळलं नसतं, कुणालाच कळलं नसतं.

हे ऐकून ती काही बोलायच्या आत सासूबाईंनी तोंड उघडलं. त्यांना इतका वेळ गप्प बसणं अवघड गेलं होतं.

"मला तर कधीपासून माहीत आहे. मी हळू बोलले की तू नुसती हो म्हणतेस. मी तुला काय काय बोलून घेतलंय, तुला पत्ता नाही."

"काय बोललात?"

"ते जाऊ दे."

"आई, काय बोललात?"

"मागच्या आठवड्यात म्हटलं, तुझ्या हातची डाळ म्हणजे फरशी पुसलेलं पाणी. तू म्हणालीस, हो, आणखी वाढू का?"

लेक हसू दाबायला उठून पाणी प्यायला गेली. नवऱ्यालाही हसू येत होतं, पण लग्नाला इतकी वर्षं झालेला माणूस होता तो. तिने सासूबाईंकडे असं बघितलं की त्यांनी यंत्र काढायला हात वर नेला.

"राहू द्या कानात," ती म्हणाली.

मग नवऱ्याने आपला बेत सांगितला. तो त्याने येतानाच ठरवला होता, फक्त योग्य वेळ बघत होता आणि नेहमीप्रमाणे चुकीची वेळ निवडली. उद्या तो साहेबाला सांगणार होता, की त्या मशीनवरचा डोळा बिघडला होता. टेप त्याने कचऱ्यात टाकलीसुद्धा. साहेब यंत्रातलं काही जाणत नाही, चार दिवस बडबडेल, फार तर म्हणेल हे डोळे बोगस आहेत, काढून टाका. तर काढू. तिने तेवढ्यात आपणहून पॅकिंगला बदली मागायची. तिथे मशीन नाही, धागा नाही, ऐकण्यासारखं काही नाही. बॅगेत कागदाचे बोळे कोंबायचे, पिशवीत घालायची. बसून काम. कुणाला काही सांगावंच लागणार नाही आणि तिचं नाव जसंच्या तसं राहील.

"कागदाचे बोळे," ती म्हणाली.

"आरामाचं काम आहे."

"आणि डोळे काढल्यावर चष्मेवालीची रिकामी चालली तर तिला कोण सांगणार? मी? बोळे कोंबता कोंबता?"

 तो म्हणाला, तू प्रत्येक गोष्ट वाकडी घेतेस. ती म्हणाली, सरळ घेण्यासारखं तुम्ही काय आणलंय? वर्षभर ज्या डोळ्यांसाठी डोकं खाल्लंत, ते माझ्या पायी फेकून देणार आणि वर मला उपकार म्हणून सांगणार. तो म्हणाला, उपकार नाही, काळजी. ती म्हणाली, तुमची काळजी मला पुरे झाली. ह्या घरात मी सोडून सगळे माझ्याबद्दल बोलतायत, आणि मी आपली शहाण्यासारखी मान तिरपी करून उभी.

एवढं बोलून ती उठली. दाणे पातेल्यात ओतले, सालं गोळा केली, ओटा पुसला. ओटा मघाशीच पुसलेला होता. नवऱ्याने लेकीकडे बघितलं, लेकीने आजीकडे. कुणी खुणा केल्या नाहीत. तिने फडकं पिळून वाळत टाकलं आणि टेबलाशी परत आली, बसली नाही, खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. तिचा आवाज आता चढलेला नव्हता, वाणसामान काय आणायचं ते सांगावं तसा होता.

"उद्या साहेबाकडे मी जाणार, तुम्ही नाही. टेप मी लावली, तुमच्या पेटीतून न विचारता घेतली, हे सांगणार. मला ऐकू कमी येतं, तेही सांगणार. त्या गठ्ठ्यातली प्रत्येक बॅग मी उसवून पुन्हा शिवून देणार. मशीन मागणार ते डोळ्यासकट मागणार, आणि पांढरा धागा लागला की तुम्हाला हाक मारणार, यायचं. नाही दिलं मशीन, तर पॅकिंगला जाईन, पण सगळ्यांना कारण सांगून जाईन. दुपारी कानाच्या डॉक्टरकडे जाणार आहे. बरोबर कुणी यायचं नाही."