राजांची जोडी हरल्यावर

अमेरिकेतल्या मिलर्स बेंड गावच्या बंबखान्यातला एक नियम कुणी कधी लिहून ठेवला नव्हता आणि कुणी कधी मोडलाही नव्हता. पोकरच्या पत्त्यांत ज्याच्या पणाला लावायच्या चकत्या सगळ्यात आधी संपतील, त्याने सगळ्यांची भांडी घासायची.

लोरेन हावलिक या बंबखान्यात एकतीस वर्षं फोनवर बसली. "आग लागलीय" म्हणणाऱ्याच्या आवाजावरून तिला कळायचं, घर जळतंय की नुसतं तव्यावरचं बेकन. पोकर ती तिथेच शिकली. एवढ्या वर्षांत भांडी किती वेळा घासलीस असं विचारलं, तर ती दोन हातांची बोटं दाखवायची, आणि त्यातलीही दोन मिटलेली असायची.

निवृत्तीनंतर गावाने तिला बंबवाल्यांच्या पेन्शन मंडळावर घेतलं. मंडळात माणसं पाच, पेन्शनवर जगणारी घरं त्रेचाळीस. हा पैसा गुंतवायला कुणाच्या हाती द्यायचा, हे त्या पाचांनी ठरवायचं. २००६ साली शेअर बाजारात पाच वर्षं ओळीने जिंकत आलेल्या एका माणसाचं नाव लोरेननेच सुचवलं होतं. दोन वर्षांनी बाजार कोसळला आणि तिसरा हिस्सा पाण्यात गेला. पेन्शन थांबलं नाही, पण दरवर्षीची वाढ थांबली. कुणी तिला एका शब्दाने बोललं नाही, आणि तेच तिला खात होतं. दुकानात एखाद्या बंबवाल्याची बायको स्वस्तातलं लोणी उचलताना दिसली, की लोरेन आपली ढकलगाडी गुपचूप दुसरीकडे वळवायची.

आता तीन वर्षांनी नवा माणूस निवडायचा होता. चाळून चाळून दोघं उरले. ट्रेवर व्हिटलॉक शिकागोचा, बारा टक्के मिळवून देतो म्हणणारा. पाच वर्षांत खड्डा भरून निघेल, असा त्याचा हिशोब. दुसरा नील ओस्टरमन. तो सात म्हणाला, आणि पेन्शन वाटत वाटत खड्डा भरायचा तर अकरा वर्षं लागतील असंही स्वतःहून म्हणाला. अशाने कुणाला काम मिळतं का! बैठक मंगळवारी होती. लोरेनने व्हिटलॉकच्या नावाचं शिफारसपत्र गुरुवारीच टाइप करून पर्समध्ये ठेवलं होतं. तरी शनिवारी दुपारी तिने दोघांनाही बंबखान्यात तिच्या हातची चिली, म्हणजे खिमा-राजम्याचा तिखट रस्सा, खायला आणि पत्ते खेळायला बोलावलं.

मंडळावरचाच एक जण, निवृत्त कॅप्टन बड हॅनिगन, बिचकला. "अगं, हे कायद्यात बसतं का?"

"बसत नाही असं कुठं लिहिलंय ते दाखव."

"पण पत्त्यांवरून काय कळणार?"

"नवा पोरगा पत्त्यात कसा वागतो ते बघून तू ठरवायचास, याच्यामागे शिडीवर चढायचं की नाही. विसरलास?"

बड विसरला नव्हता. त्याने निमूट पत्ते पिसायला घेतले.

दोघा पाहुण्यांना या बोलावण्याचं नवल वाटलं नाही. दोघांच्याही कचेऱ्यांत नव्या पोरांना पोकर शिकवतात. अर्धवट माहितीवर किती लावायचं आणि कधी सोडून द्यायचं, हे तिथे लवकर कळतं म्हणे. चौघांनी सारख्या चकत्या वाटून घेतल्या. पैसा नाहीच, पणाला फक्त भांडी. पहिला तासभर लोरेन तिच्या नेहमीच्या पद्धतीने खेळली, म्हणजे पानं बघून बहुतेक डाव सोडून देत होती. ओस्टरमनही तेच करत होता आणि मधल्या वेळात चिली खात होता. व्हिटलॉक गप्पा मारत होता, हसवत होता. लोरेनला तो आवडला.

मग तिच्या हाती राजांची जोडी आली. तिने अर्ध्याहून जास्त चकत्या पुढे सरकवल्या. व्हिटलॉकने सत्त्यांच्या जोडीवर तेवढ्याच चकत्या लावल्या. त्याला वाचवणारी पानं, म्हणजे उरलेल्या सत्त्या, गड्डीत दोनच होती, आणि त्यातलं एक टेबलावर शेवटचं पान उलटताना आलं. तिसरी सत्ती! राजांची जोडी हरली. बडने टेबलावर थाप मारली.

"तुमच्या चेहऱ्यावरूनच ओळखलं, मिसेस हावलिक," व्हिटलॉक चकत्या ओढत म्हणाला. "म्हटलं, बाई फसवताहेत."

जळत्या घरातून फोन करणाऱ्या आयांशी बोलतानाही जो चेहरा हलला नाही, त्यावर याला काय दिसणार? राजे तर खरेच होते, म्हणजे थाप होती ती. लोरेनला कळलं, आणि तिने कानाआड केलं.

पुढचा डाव ती खेळली. त्याच्या पुढचाही. एकही डाव सोडवेना तिला. अर्ध्या तासात एक राणी आणि एक चौकी एवढ्या भांडवलावर तिने उरलंसुरलं सगळं पुढे ढकललं. ओस्टरमनने चमचा खाली ठेवला, तिच्याकडे नाही तर तिच्या चकत्यांकडे एकदा बघितलं, आणि दश्श्यांची जोडी उघडी केली.

"लोरेन, साबण सिंकखाली आहे," बड म्हणाला. "जागा विसरली असशील."

ती उठली. मागोमाग ओस्टरमन फडकं घेऊन आला.

"पाहुण्याने पुसायचं नसतं," ती म्हणाली.

"पाहुणा म्हणून कुठं बोलावलंत मला?"

तिला हसू आलं. "माझ्याकडे काही नाही हे कसं कळलं? तुम्हीही चेहरा वाचता?"

"चेहऱ्यातलं मला ओ की ठो कळत नाही. मी मोजतो. राजे हरेपर्यंत तुम्ही दहातले सात डाव सोडलेत. त्यानंतर एकही नाही. तुम्ही पानं बघायचं बंदच केलं होतंत. तुम्ही व्हिटलॉकपुढचा चकत्यांचा ढीग बघत होतात."

"माझा होता तो."

"होता."

तिने एक वाडगा घासला, मग तोच पुन्हा घासला. "राजांवर एवढं लावणं चुकलं का माझं?"

"छे! पुन्हा आले तर पुन्हा लावा. हरलात ते नशीब. चुकलात त्यानंतर."

"आणि एखादा पाच वर्षं ओळीने जिंकला म्हणून त्याच्या हाती गावाचा पैसा दिला, तर? ते राजांवर लावणं की सत्त्यांच्या नशिबावर?"

ओस्टरमनने ग्लास उजेडात धरून बघितला. ती कुणाबद्दल विचारते आहे हे त्याला ठाऊक होतं, मंडळाचा इतिहास त्याने वाचला होता. "सत्त्यांच्या," तो म्हणाला.

खोटं बोलून काम मिळवायची वेळ होती, आणि हा माणूस खरं बोलला. लोरेनला त्याचा रागच आला. तिने पुढचा वाडगा नळाखाली धरला. व्हिटलॉकच्या जाडजूड फायलीतला आपण बारा हा एकच आकडा वाचला होता, हे तिला आत्ता कळत होतं. त्या आकड्यात तिला बाजार दिसला नव्हता, गेलेला ढीग दिसला होता. तीन वर्षं ती एकही डाव सोडत नव्हती.

"पण आजच्यावरून मला निवडू नका," ओस्टरमन म्हणाला. "एका दुपारी नशीबच दिसतं. मी काही विकत घेतो तेव्हा का घेतलं ते आधी लिहून ठेवतो. नाहीतर नशिबाने मिळालेलं महिन्याभरात मला हुशारीचं वाटायला लागतं. तसल्या वह्या मागा. व्हिटलॉककडूनही."

तिने मागितल्या. व्हिटलॉककडून गुळगुळीत कागदाचं एक देखणं पुस्तक आलं, सगळं जिंकल्यानंतर लिहिलेलं. ओस्टरमनकडून नऊ मळक्या वह्या आल्या. एका पानावर दुप्पट झालेल्या एका शेअरपुढे लिहिलं होतं, "कारण साफ चुकलं. वाचलो."

मंगळवारी लोरेनने शिफारसपत्र पर्समधून काढलं आणि हरलेली पानं टाकतात तसं पालथं टेबलावर ठेवलं.

"मी या डावात नाही," ती म्हणाली. "मी गेलेलं परत मिळवायला बसलेय, आणि असं बसलेल्याने मत द्यायचं नसतं. वह्या वाचा आणि तुम्ही चौघं ठरवा. आणि २००६ साली चूक माझी झाली. हे मी तेव्हाच म्हणायला हवं होतं."

बड खाकरला. "लोरेन, त्या दिवशी पाच हात वर झाले होते. तुझा फक्त पहिला होता."

तीन वर्षांनी तिला रडू आलं, तेही सगळ्यांसमोर. बडने खिशातून चुरगळलेला पेपर नॅपकिन काढून तिच्याकडे सरकवला.

वह्या वाचायला दोन तास लागले. मग ओस्टरमनच्या नावावर चार हात वर झाले. बैठकीचं टिपण लिहायचं काम लोरेनचंच. तिने हात मोजले, नाव लिहिलं, आणि पुढे लिहिलं, अकरा वर्षं. लिहिताना तिची नजर बडकडे गेली. चौऱ्याहत्तर वर्षांचा बडही तोच हिशोब करत होता.

"पंच्याऐंशी," तो म्हणाला. "म्हणजे तोवर जगायचं तर आता तुझी चिली कमी खायला हवी."