एक ओळ खाली

लाल शाईचा वास आला की मला तुर्भ्याचं भंगाराचं गोदाम आठवतं. १९८४ साली मी विमानांची नोंदणी ठेवणाऱ्या कचेरीत कारकून होतो. मोडीत निघालेल्या विमानाच्या ओळीवर आम्ही पट्टी धरून लाल रेघ मारायचो. एकदा माझी पट्टी एक ओळ खाली सरकली आणि पिकांवर फवारणी करणारं एक धडधाकट विमान कागदोपत्री मोडीत निघालं. त्याचा वैमानिक माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाला, "साहेब, परवा त्यातच बसलो होतो मी. ऐन हंगामात माझ्या पोटावर पाय दिलात." खरं मोडलेलं विमान कुठलं, याचा पुरावा हवा होता, म्हणून मी एकटाच तुर्भ्याला गेलो. भंगारवाला हसून म्हणाला, "काय साहेब, मयताची ओळख पटवायला आलात काय?" मी शेपटीजवळची नंबरची पाटी रुमालाने पुसली आणि आकडे दोनदा जुळवले. दुसऱ्या दिवशी नोंद दुरुस्त करून सही करताना चुकीच्या रेघेशेजारची तारीख दिसली. बायकोचं तेरावं आटोपून मी कामावर रुजू झालो, तो दिवस होता. वाशीच्या घरात जुनं रेशनकार्ड अजून आहे. तिच्या नावावरची लाल रेघ मी आजही मधूनमधून तपासतो. ती बरोबर ओळीवर आहे.