कुठपर्यंत आणता?

“आपन काय टीचर, टेंपरवारी मानूस,” असं म्हणताना आमचे समोरचे शेजारी डावा हात ताटावरची माशी हाकलल्यासारखा झटकायचे. इमारतीला रंग द्यायची सभा असो, गणपतीची वर्गणी असो, की जिन्यातला बल्ब बदलायचा असो, हे वाक्य आणि हा हात ठरलेला. वर्गणी मात्र सगळ्यांच्या आधी द्यायचे. बल्बही बहुतेक वेळा तेच बदलायचे.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आमच्या सिल्वासात तर ती पावलोपावली भेटतात. कारखान्यात चिकटायला म्हणून येतात, दोन वर्षांत परत जातो म्हणतात आणि पोरांच्या बारशापासून लग्नापर्यंत सगळं इथंच उरकतात. आमचे हे शेजारी त्यातले मेरुमणी. साक्री तालुक्यातल्या एका गावातून तरुणपणी आले, पिपरियातल्या सुताच्या कारखान्यात मशीनवर लागले आणि तिथेच सुपरवायझर होऊन केस पिकवले. इमारतीत सगळे त्यांना ‘धुळेवाले भाऊ’ म्हणत. ते ऐकायला त्यांना फार आवडे.

मी त्यांच्या समोरच्या दारात राहते. मूळची रत्नागिरीकडची, इथल्या सरकारी शाळेत शिक्षिका. म्हणजे मीही बाहेरचीच. पण मी फ्लॅट घेतला, भिंतींत खिळे ठोकले आणि विषय संपवला. त्यांच्या भाड्याच्या घरात एक खिळा नव्हता. कॅलेंडर खिडकीच्या गजाला टांगलेलं, आरसा टेबलावर भिंतीला टेकवून ठेवलेला. तुळस रंगाच्या रिकाम्या बादलीत, कारण सामान हलवताना कुंडी फुटते. फ्रीजच्या दारावरचं दुकानातलं प्लास्टिक त्यांनी कुणाला काढू दिलं नव्हतं. “गावी नेऊन काढू,” म्हणायचे. प्लास्टिकच्या आतल्या आत फ्रीज पिवळा पडला.

मोटारसायकलचा नंबरही धुळ्याचाच ठेवलेला. गुजरातेत दारूबंदी आणि केंद्रशासित सिल्वासात दुकानं उघडी, त्यामुळे वापीच्या रस्त्यावर हद्दीपाशी पोलीस गाड्या तपासतात. यांची गाडी हमखास थांबायची. पोलिसानं “किधर से?” विचारलं की हे ऐटीत सांगणार, “साक्री, जिल्हा धुळे.” प्रत्यक्षात आलेले असायचे सिल्वासातल्या आमच्या आमलीहून, वापीच्या स्टेशनवर कुणाला तरी आणायला निघालेले.

तो ‘कुणीतरी’ बहुधा गावाकडून नोकरीसाठी आलेला नवा माणूस असायचा. पहिले काही दिवस तो यांच्याच घरी जेवायचा. खोली कुठे मिळेल, कुठल्या कंत्राटदाराच्या नादी लागू नये, पोट बिघडलं तर कुठल्या डॉक्टरकडे जावं, हे सगळं भाऊ त्याला सांगायचे. नरोलीपासून खानवेलपर्यंत त्यांना ठाऊक नाही अशी गल्ली नव्हती. आणि सगळं सांगून झाल्यावर वर उपदेश, “इथं रुजायचं नाही. कमवायचं नि निघायचं.” ऐकणारा मान डोलवायचा आणि पुढच्या वर्षी बायको-मुलांना घेऊन यायचा.

गावी त्यांनी घर बांधायला काढलं होतं. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी टेम्पो बोलवायचा, हे पक्कं. पाया, स्लॅब, जिना, असा एकेक टप्पा मला मोबाइलवर दाखवून झाला होता. वहिनी शेजारी बसून फोटो बघायच्या आणि “चांगलं आहे” म्हणायच्या. त्या लग्न झाल्या झाल्या सिल्वासाला आलेल्या. गाव म्हणजे त्यांना दिवाळीचे चार दिवस आणि कुणाचं तरी लग्न. इथे मात्र साड्यांना फॉल-पिको करता करता निम्म्या आमलीतली घरं त्यांना आतून माहीत झाली होती. कोणाची सून रुसली, कोणाची मुलगी परत आली, हे आम्हाला त्यांच्याकडून कळायचं. आमच्या लक्षात आलं नव्हतं ते एवढंच, की त्या घराच्या फोटोंबद्दल त्या ‘चांगलं आहे’च्या पुढे कधी गेल्या नव्हत्या.

निवृत्तीला वर्षभर राहिलं होतं तेव्हा पुण्यातल्या मुलानं दोघांना व्हिएतनामची सहल काढून दिली. विमान, हॉटेल, फिरणं, सगळं त्यानंच ठरवलं. प्रवासाचा विमा तेवढा बाबांनी स्वतः बघून घ्यायचा होता. मी एकदा सिंगापूरला जाऊन आले होते, आणि तेवढ्या भांडवलावर परदेश या विषयात इमारतीत माझा शब्द अखेरचा मानला जाई. तेव्हा एका रविवारी मला चहाचं बोलावणं आलं.

शिकवायची खोड जात नाही. तीन कंपन्यांच्या पॉलिसी मी मोबाइलवर उघडल्या आणि वर्गात सांगावं तसं एकेक कलम सांगायला लागले.

“हे दवाखान्याचं. तिकडे आजारी पडलात तर.”

“पडायचं तर इथं येऊन पडू.”

“बीपीची गोळी चालू आहे ना तुमची? ती लपवायची नाही. नाहीतर ऐनवेळी कंपनी हात वर करते.”

“लिहा ना. गोळी काय चोरीची आहे?”

“हे सामान हरवलं तर.”

“सामानात काय आहे, टीचर? दोन शर्ट नि हिच्या दशम्या.”

विमान चुकलं तर, पासपोर्ट गहाळ झाला तर, सहल रद्द झाली तर, अशा सगळ्या संकटांना त्यांनी डाव्या हातानं हाकललं. मला वाटलं, यांना विम्यात रसच नाही. मग ते खुर्ची पुढे ओढून बसले.

“मानूस तिकडंच गेला तर?”

तेही कलम होतं. पार्थिव मायदेशी आणण्याचा खर्च तिन्ही कंपन्या देत होत्या. मी ते वाचून दाखवलं.

“कुठपर्यंत आणता?”

ते काही तिथे स्पष्ट लिहिलेलं नव्हतं. आता आयुष्यभर मशीन बंद का पडलं हे शोधत आलेला माणूस असल्या जागी सोडून देणार थोडाच? त्यांनी पहिल्या कंपनीचा मदतीचा नंबर फिरवला आणि फोन स्पीकरवर ठेवला. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी होती.

“मॅडम, आदमी उधर गुजर गया तो आप कहाँ तक लाते हो?”

मुलगी गडबडली. “सर, भारत तक.”

“भारत तो बहोत बडा है, मॅडम.”

तिनं थांबायला सांगितलं. बराच वेळ फोनमध्ये गाणं वाजत राहिलं आणि आम्ही चहा प्यालो. मी हसू दाबत होते, भाऊ मात्र अगदी गंभीर. मुलगी परत आली आणि म्हणाली, पॉलिसीत राहत्या घराचा जो पत्ता असेल तिथपर्यंत आणू.

“सर, आप रहते कहाँ हैं?”

“रहते इधर है. घर उधर है.”

“तो मैं क्या लिखूँ, सर?”

आणि तेव्हा ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या असलेल्या वहिनी म्हणाल्या, “माझं इथलं लिहा.”

भाऊंनी फोन बंद केला. आधी त्यांना वाटलं, बायको थट्टा करतेय. “इथलं म्हनजे?”

“इथलं म्हणजे इथलं. सिल्वासाचं.”

“नि गाव?”

वहिनी आमच्यासमोर नेहमी मराठीत बोलायच्या. त्या वेळी मात्र त्या त्यांच्या अहिराणीत बोलल्या. “माले तठे कोन वळखस?” मला तिथं कोण ओळखतं, एवढाच प्रश्न. मग पदराला हात पुसत त्या बाहेर आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “तुम्ही रिटायर झालात की येईन ना मी तुमच्यासोबत. राहीन तिथं. कधी नाही म्हटलंय का? पण मेल्यावर तरी मला माझ्या माणसांत ठेवा.”

मी उठून घरी आले. दुसऱ्यांच्या घरात काही वेळा चहा अर्धा टाकून उठणंच बरं असतं. पण खोटं कशाला सांगू, दार लावून घेतल्यावरही माझा कान तिकडेच होता. काहीच ऐकू आलं नाही.

पुढचे काही दिवस भाऊ जिन्यात भेटले की नुसती मान हलवायचे. मग एका संध्याकाळी दारात उभे राहून त्यांनी विचारलं, नवरा-बायकोच्या दोन वेगळ्या पॉलिसी काढता येतात का, दोन वेगळ्या पत्त्यांच्या. मी चौकशी केली. येत होत्या. थोडे पैसे जास्त पडणार होते, एवढंच. तसं त्यांना सांगितलं तर “बघू” म्हणाले आणि गेले. सहल अगदी तोंडावर आली तेव्हा पुन्हा आले. या वेळी आत येऊन बसले.

“दोघांचं इथलंच टाका.”

त्यांना कुणीतरी विचारायला हवं होतं, असं दिसलं. म्हणून विचारलं, “नक्की?”

“ती एकटी इथं नि मी एकटा तिथं? पोरानं कुठं यायचं मग दिवा लावायला?” पुढे म्हणाले, “ती म्हनते तिथं तिला कोन वळखत नाही. मी मोजायला बसलो, टीचर. खरं आहे. माझी आई होती ती वळखायची. आता कोन?” मग डावा हात झटकला. “नि सहलीपुरतीच तर बात आहे. टेंपरवारी.”

पत्ता भरताना त्यांना सिल्वासाचा पिनकोड सांगता आला नाही. गावचा तोंडपाठ होता. इथला वहिनींनी समोरच्या दारातून सांगितला.

सहल छान झाली. विम्याची गरज पडली नाही. येताना एक बॅग मागे राहिली आणि दुसऱ्या दिवशी आली. तिचेही पैसे मिळतात म्हटलं तर, “बॅग आली ना, मग?” तिकडे कुणी कुठून आलात विचारलं की भाऊ आधी धुळे म्हणायचे. समोरचा कोरा. मग नाइलाजानं सिल्वासा म्हणायचे. तरी कोरा. शेवटी वहिनी “बॉम्बे” म्हणून मोकळ्या व्हायच्या. हे सांगताना दोघंही पोट धरून हसले होते. दोघांना एवढं एकत्र हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

निवृत्ती जवळ आली. गावच्या घराला रंग लागला. इथे वहिनींनी भांडी खोक्यांत भरायला घेतली, तक्रार न करता. आणि एका दुपारी चहाच्या सुट्टीत भाऊ कारखान्यातल्या बाकावर बसले ते उठलेच नाहीत. दवाखान्यात नेलं, पण उपयोग झाला नाही.

संध्याकाळपर्यंत इमारतीखाली पाय ठेवायला जागा नव्हती. त्यांनी ज्यांना ज्यांना स्टेशनवरून आणलं होतं ते सगळे आले होते, बायका-मुलांसकट. नदीकाठी लाकडं सांगून झाली होती. विम्यातल्या त्या पत्त्याची गोष्ट एव्हाना इमारतीत सगळ्यांना माहीत होती, ती मीच सांगितली होती. त्यामुळे कुणाच्या मनात प्रश्नच नव्हता. मुलगा पुण्याहून पोचला तसा त्यानंही विचारलं नाही.

वहिनी म्हणाल्या, “गाडी बोलवा. यांना गावी न्यायचंय.”

इमारतीचे सेक्रेटरी समजुतीनं म्हणाले, “वहिनी, इथं सगळी तयारी झालीय. त्यांनी स्वतःच इथलं लिहिलं होतं ना?”

“ते माझ्यासाठी लिहिलं होतं त्यांनी.”

एवढंच म्हणाल्या. पुढे कुणी वाद घातला नाही. रुग्णवाहिका आली. रस्ता लांबचा, नवापूरवरून. मुलानं त्यांना मागून येणाऱ्या गाडीत बसा म्हणून विनवलं. त्या ऐकल्या नाहीत, मागे भाऊंच्या उशाशी बसल्या. गाडी सुरू झाली तेव्हा कारखान्यातली ती सगळी माणसं किलवणी नाक्यापर्यंत मागून चालत गेली.

दिवसकार्य झाल्यावर वहिनी परत आल्या, एकट्याच. मुलगा पुण्याला चल म्हणत होता, दीर गावीच राहा म्हणत होते. मी जिन्यात त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि सगळं नीट झालं का, विचारलं.

“झालं. सगळं गाव आलं होतं, ताई. म्हातारे लोक त्यांच्या लहानपणीचं सांगत होते. बायका छाती पिटून रडत होत्या. मला एकीचंही नाव येत नव्हतं. कोपऱ्यात बसले होते मी, दुसऱ्याच कुणाच्या घरी मयताला गेल्यासारखी.” त्या दोन पायऱ्या चढल्या आणि थांबल्या. “पण त्यांना बरं वाटलं असेल.”

मला रडू आलं ते तेव्हा. त्या दिवशी इतक्या गर्दीत आलं नव्हतं. वहिनींनी मला रडू दिलं, मग कंबरेची किल्ली काढत विचारलं, “आज पाणी आलं होतं का?”

आलं होतं, म्हटलं. त्यांच्यासाठी दोन बादल्या मी भरून ठेवल्या होत्या.