चिनी अक्षराची शिरोरेषा

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, माझे मामेसासरे चिनी अक्षर काढणार नाहीत असा एकही पृष्ठभाग आता कोलकात्यात शिल्लक नाही. बँकेतून निवृत्त होऊन डमडमला राहिलेले हे गृहस्थ चहात बोट बुडवून टेबलावर लिहितात, आरशावर साचलेल्या वाफेवर लिहितात, मामींनी मळून ठेवलेल्या कणकेवरही लिहितात. एकदा मेट्रोत स्वतःच्या मांडीवर बोटाने सराव चालला होता, तर शेजारच्या बंगाली बाईंनी पर्समधून खाजेचं मलम काढून दिलं. मामांनी घेतलं! "इतक्या आपुलकीने दिलेलं नाही कसं म्हणायचं?" मामींचं मत वेगळं. "अहो, आधी तुमची मराठी सही कुणाला वाचता येऊ दे, मग चीनकडे वळा."

त्यांच्या गुरू म्हणजे टँगऱ्याच्या चिनी वस्तीतल्या एक चिनी आजी. जन्म इथलाच, हिंदी फर्मास. त्या सांगत, तेच अक्षर कुणी कुंचला उचलत तीन फटकाऱ्यांत काढतो, कुणी एकाच ओढीत. दोन्ही बरोबर, ज्याचं त्याचं वळण. पण वरची आडवी रेघ आधी! नेमकं इथेच मामांचं घोडं पेंड खाई. जन्मभर आधी अक्षर आणि शेवटी शिरोरेषा. हात ऐकतोय कशाला?

यंदा आजींचे हात थरथरू लागले. चिनी नववर्षाला दारावर लाल कागदावरचं सौभाग्याचं अक्षर लागतं. कॅनडातल्या मुलाने छापील पाठवलं, ते आजींनी कपाटावर टाकलं. सण झाला की तो त्यांना कायमचा घेऊन जाणार होता. या दारावरचं शेवटचं अक्षर लिहायचा मान त्यांनी मामांना दिला. मामांची झोप उडाली.

त्या सकाळी मीही सोबत होतो. मामांनी श्वास रोखून डावी बाजू काढली, झकास. उजवीकडे खालचे दोन्ही चौकोन काढले, झकास. मग त्यांच्या लक्षात आलं, वरची रेघ राहिली. घाबरून त्यांनी ती ओढली आणि हाताला सवयच ती, थेट डाव्या टोकापर्यंत ओढली! डावीकडचा ठिपका वर अनुस्वारासारखा बसला. मामांचा चेहरा पाहवेना.

आजी वाकून कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. "अरे बाबू, तुमने तो पूरे घर पे छत डाल दी!" आणि स्वतःच खळ लावून कागद दारावर चिकटवला.

इतकी वर्षं कोलकात्यात घासूनपुसून घेतलेलं मामांचं हिंदी त्या क्षणी पार कोसळलं.

"तो फिर रहो ना इधरच!"