मास्तरांच्या पँटीतली माया

मास्तर शाळेतले नव्हेत, शिलाईतले. पण शाळेतल्या मास्तरांना तासभर जेवढं बोलता येत नाही, तेवढं हे गळ्यात टेप अडकवून पाच मिनिटांत बोलायचे. समोरचा बिचारा हात पसरून उभा, हलला तर माप चुकणार, त्यामुळे ऐकण्यावाचून गत्यंतर नाही. त्या अरुंद दुकानात एक आरसा, दोन मशिनं, कापायचं टेबल, मागच्या कोपऱ्यात काजं-बटणं करणारी मास्तरीणबाई आणि मास्तर एवढी मंडळी कशीबशी मावत. दुसरं गिऱ्हाईक आलं की पायरीवर थांबायचं.

मास्तरांचा धंदा चालायचा तो एका खोट्यावर. गिऱ्हाइकाच्या पोटाभोवती टेप फिरवला की ते मोठ्यांदा म्हणायचे, "चौतीस!" आणि कागदावर लिहायचे छत्तीस. श्वास कोंडून उभा असलेला माणूस खूश व्हायचा, मग त्याचं पोट हळूच जागेवर यायचं. मास्तरांचं म्हणणं असं, की माणूस कपडे शिवायला येतो, निकाल ऐकायला नाही. शिवाय प्रत्येक पँटीच्या मागच्या शिवणीत ते सढळ हातानं माया ठेवत. माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड. माणूस फुगला की शिवण उसवायची, थोडी माया बाहेर सोडायची, पँट पुन्हा बसते. "डॉक्टर माणसाचं आयुष्य वाढवतो की नाही ते देव जाणे," मास्तर म्हणायचे, "पँटीचं मात्र मी वाढवतो."

आरोग्याचे सल्ले माप घेताना फुकट. रात्री उशिरा जेवू नका, जेवल्यावर शतपावली घाला, बसल्या जागेवरून तासातासाला उठा, साखर म्हणजे पांढरं विष. हे सगळं ते तीन चमचे पांढरं विष घातलेला चहा पीत सांगत, आणि स्वतः सकाळी खुर्चीत बसले की दुपारच्या जेवणालाच उठत. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! पण कुणी तसं म्हणायच्या आत मास्तर आपला हुकमाचा पत्ता काढत. उभे राहत, सदरा वर करत आणि तपकिरी पँटीच्या कमरेत दोन बोटं घालून दाखवत.

"ही बघा. पोरीच्या लग्नात शिवली. आज तिची पोर शाळेत जाते. बटण लावताना श्वास धरावा लागतो का? नाही. पट्टा आहे का? नाही. पट्टा लावावा लागणं हा शिंप्याचा अपमान आहे."

आता मास्तरांचं पोट दुकानात आधी शिरायचं आणि मास्तर मागून, हे साऱ्या बाजाराला दिसत होतं. पण ज्याच्या हातात आपल्या कोटाचं कापड आणि कात्री आहे त्याला असलं काही सांगायला कोण धजणार? आरसा होता, पण त्यात मास्तर फक्त गिऱ्हाइकालाच बघत.

एक गोष्ट मात्र ते कधीच काढत नसत. त्यांचे वडीलही शिंपी होते आणि साखरेच्या आजारानं त्यांचे डोळे गेले होते. शेवटच्या काळात म्हातारा अंगठ्यानं चाचपून शिवण बघायचा. एकदा त्यानं एका सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. गिऱ्हाईक हसलं नाही, उलट "छान झालाय" म्हणून घेऊन गेलं, आणि म्हातारा त्या दिवसानंतर मशिनवर बसला नाही. तरण्या मास्तरांनी हे सगळं उभ्यानं पाहिलं होतं. कुणी विचारलंच तर ते म्हणत, "वडिलांना मोतीबिंदू होता."

आणि हल्ली मास्तरांचा दोरा सुईत जाईना. "पूर्वीची नेढी कशी ऐसपैस असायची," ते कुरकुरत, "हल्लीच्या कारखान्यांना भोक पाडायचीसुद्धा कंजुषी." पाण्याचा तांब्या दुपारच्या आत रिकामा व्हायचा, आणि माप अर्धवट टाकून ते दुकानांच्या मागच्या मोरीकडे पळायचे. डाव्या बोटाला सुई टोचली होती, ती जखम भरायचं नाव घेईना. मास्तर म्हणाले, सुई गंजकी होती.

कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई एकदा पांढरा कोट शिवायला आल्या आणि हात पसरायच्या आधीच सुरू झाल्या.

"मास्तर, माझ्याकडे येणारा प्रत्येक जण छातीठोकपणे सांगतो, कंबर छत्तीस. मी मोजली की अडतीस भरते. विचारलं तर म्हणतात, मास्तरांनी मोजलीये."

"तुमचा टेप सैल असेल."

"टेप सैल नसतो, पोट असतं. कमरेचा घेर वाढला की माणसानं आधी साखर तपासायची. तुम्ही लोकांना ते कळूच देत नाही." तेवढ्यात त्यांचं लक्ष रिकाम्या तांब्याकडे गेलं, मग मास्तरांच्या बोटाकडे, मग सुईशी चाललेल्या झटापटीकडे. "हे कधीपासून? उद्या सकाळी उपाशीपोटी या. चहासुद्धा नाही. बोटाला टोचून थेंबभर रक्त घेऊ."

"टोचायला तुमच्याकडे कशाला यायचं? इथं रोज फुकट टोचतं."

"घरात कुणाला साखर होती?"

"वडिलांना मोतीबिंदू होता," मास्तर म्हणाले आणि टेप झटकला. "बाई, कंबर तीच, पँट तीच. धडधाकट माणसानं हात दाखवून अवलक्षण कशाला करून घ्यायचं?"

कोपऱ्यात मास्तरीणबाईंची सुई काजात थांबली. मास्तरांनी डॉक्टरीणबाईंचीही कंबर दोन इंच कमी सांगितली आणि विषय मिटवला.

त्यानंतर दोन-चार दिवसांत जेवताना मास्तरांनी तिसऱ्यांदा भात मागितला. मास्तरीणबाईंनी वाढायचा डाव पातेल्यात ठेवला आणि म्हणाल्या, "एक सांगून ठेवते. आता माया उरली नाही."

एवढं बोलून त्या उठून आत गेल्या.

दिवसभर ज्या शब्दाची कात्रीनं चिरफाड करायची, तो घरात, ताटावर, बायकोच्या तोंडून आला की काय समजायचं? नवऱ्यानं समजावं तसंच मास्तर समजले. इतकी वर्षं संसार केला, आणि ही म्हणते माया उरली नाही! त्यांनी ताटाकडे पाहिलं. भात नव्हताच, आणि मागायची हिंमत नव्हती.

सकाळी त्यांनी शेजारच्या घड्याळवाल्याला गाठलं. घड्याळवाला डोळ्याला भिंग लावूनच ऐकत होता.

"बायकोला शेवटचं कौतुकाचं कधी बोललास?"

"काजं चांगली झाली म्हणालो होतो. मागे कधीतरी."

"मग? चावी दिली नाही की घड्याळ बंदच पडणार. जा, काहीतरी गोड घेऊन जा."

संध्याकाळी मास्तर मिठाईचा डबा घेऊन घरी निघाले. माल ताजा आहे की नाही ते बघायला नको का? म्हणून वाटेत दोन तुकडे खाल्ले, आणि दोनावरून नीट अंदाज येत नाही म्हणून तिसरा. मग डबा बायकोपुढे ठेवून, आयुष्यात पहिल्यांदा, मान खाली घालून म्हणाले, "माझं काही चुकलं असेल तर सांग. पण माया उरली नाही असं नको गं म्हणू."

मास्तरीणबाईंनी डब्याकडे पाहिलं. मग मास्तरांच्या मिशीला लागलेल्या साखरेकडे पाहिलं. आत जाऊन त्यांनी ती तपकिरी पँट आणली, उलटी केली आणि नवऱ्याच्या मांडीवर आपटली.

"ही माया! ही उरली नाही! शिंपी ना तुम्ही?"

"हिची? हिला तर मी हात लावलेला नाही..."

"मी लावलाय. पोरीच्या लग्नानंतर वर्षभरात बटण लागेना, तर तुम्ही त्या इस्त्रीवाल्याशी भांडलात, म्हणे त्यानं पँट आटवली. म्हटलं, घरात शांतता राहील, सोडू बोटभर. पुढच्या वर्षी आणखी बोटभर. तुम्ही लोकांना बोटं घालून दाखवायचात ना, ती जागा मी करून ठेवायचे." त्यांनी मिठाईचा डबा बाजूला सारला. "मला वाटायचं, मी तुमचं सुख बघतेय. सासऱ्यांना मी हातानं जेवू घातलंय हो. त्यांना ताटातलं मीठ दिसायचं नाही. आणि इकडे मीच तुमची शिवण सोडत बसले. आता कापड संपलं. माझ्याकडे सोडायला काही नाही."

मास्तरांनी पँट दिव्याजवळ धरली. सोडलेल्या शिवणीच्या खुणा कापडावर राहतात, त्या कुणी शिंप्याला लपवू शकत नाही. पण मास्तरांना नुसतं तपकिरी दिसलं. जवळ धरलं, लांब धरलं, डोळे बारीक केले. तपकिरीच. शेवटी त्यांनी मागच्या शिवणीवर अंगठा फिरवला आणि मग त्या सापडल्या. जुन्या टाक्यांच्या भोकांची एक ओळ, तिच्या शेजारी दुसरी, मग तिसरी, आणि अगदी कडेला आजची.

अंगठा तिथेच थांबला. त्यांनी तो उचलून पाहिला. म्हातारा असाच बघायचा.

"वडिलांना मोतीबिंदू नव्हता," मास्तर म्हणाले.

"माहितीये मला."

मग त्यांनी गळ्यातला टेप काढून बायकोच्या हातात दिला, हात पसरले आणि पोट आत न ओढता उभे राहिले. मास्तरीणबाईंनी आकडा सांगितला. मास्तरांनी डोळे मिटून तो ऐकला.

"खरा सांगितलास?"

"मी काय शिंपी आहे?"

सकाळी ते चहा न घेता दवाखान्यात गेले. साखर निघाली, आणि चांगली ठणठणीत निघाली. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, हेच मास्तरांना जास्त लागलं. डोळ्यांचं अजून फारसं बिघडलेलं नाही, त्या म्हणाल्या, साखर आटोक्यात आली की धूसर दिसणं बरंचसं जाईल. पण गोळ्या वेळेवर, रोज चालणं, भात एकदाच, दरवर्षी डोळे तपासायचे आणि रोज तळपाय बघायचे, कारण तिथली जखम कळतसुद्धा नाही. मास्तर हे सगळं गिऱ्हाइकांना कधीचे सांगत आले होते. स्वतः ऐकताना मात्र त्यांना ते फार लांबलचक वाटलं.

सुंभ जळला तरी पीळ काही लगेच गेला नाही. बिनसाखरेचा चहा म्हणजे गरम पाण्याला लावलेलं तपकिरी अस्तर, असं ते दिसेल त्याला सांगत. पहाटे चालायला जात ते घड्याळवाल्याला ओढून नेत, कारण शिव्या द्यायला कुणीतरी हवं. पण दुकानात एक बदल झाला. ते आता खरं माप सांगत, तेही हळूच कानात. एका पुढाऱ्यासारख्या गृहस्थाला राग आला आणि तो दुसऱ्या शिंप्याकडे गेला. तिथली पँट पहिल्या जेवणाला उसवली, तेव्हा तो मुकाट्यानं परत आला.

काही महिन्यांनी तपकिरी पँट घसरू लागली. पट्टा लावायचा नाही हे तत्त्व कायम होतं, त्यामुळे मास्तर एका हातानं टेप आणि एका हातानं पँट धरून माप घेऊ लागले. शेवटी मास्तरीणबाईंनी ती काढून घेतली आणि उलटी करून मांडीवर ठेवली.

"दोरा मी ओवतो," मास्तर म्हणाले.

पहिल्यांदा चुकला, दुसऱ्यांदा चुकला. कारखान्याबद्दल ते काही बोलले नाहीत. तिसऱ्यांदा दोरा नेढ्यातून आरपार गेला आणि पलीकडून बाहेर आलेलं टोक मास्तरांना स्वच्छ दिसलं. त्यांनी सुई बायकोच्या हातात दिली.

बायको शिवण आत घेत होती. मास्तर शेजारी बसून बघत राहिले.

"किती माया झाली गं आत?"

"बोटभर," ती म्हणाली.

"असू दे. आता मी भांडलो तरी सोडू नकोस."