बिडकीनच्या पुढची कोरियन शेगडी

हॉटेलात काम करणाऱ्या माणसाला किस्से शोधावे लागत नाहीत. ते खरकट्या ताटांसारखे साचतात. एक घासून ठेवावं तोवर चार येऊन पडतात. घरी सांगायला गेलं तर आई म्हणते, जेवताना तुझं हॉटेल नको. म्हणून तुम्हाला सांगते.

आमचं हॉटेल संभाजीनगरहून पैठणकडं जाताना, बिडकीनच्या पुढं. एका रिसॉर्टमधलं कोरियन बार्बेक्यू स्टेकहाऊस. मालक भाऊसाहेब इथलेच. त्यांची जमीन कारखान्यांसाठी गेली, मग कंपन्या आल्या, कंपन्यांबरोबर कोरियन साहेब आले, आणि भाऊसाहेबांनी ठरवलं की या पाहुण्यांना त्यांच्याकडचं जेवण इथंच मिळालं पाहिजे. प्रत्येक टेबलाच्या मध्यभागी शेगडी, वर धूर ओढणारी चिमणी. मटण, चिकन, मासे आम्ही कच्चे आणून देतो, भाजायचं तुमचं तुम्ही. मी तिथं फ्लोअर मॅनेजर. सुरुवातीला निम्मे लोक बाहेरची पाटी वाचून आत यायचे आणि म्हणायचे, "स्टे हाऊस ना? रूम दाखवा."

* * *

सिल्लोडचे एक मक्याचे व्यापारी बायको-मुलींना घेऊन आले. लग्नाचा वाढदिवस होता. भाजायचं आपणच, हे कळल्यावर ते जे तापले! हा काय प्रकार आहे, आचारी पळून गेला का, मालकाला बोलवा. मी म्हटलं, साहेब, मी भाजून देते, आणि चिमटा उचलला.

त्यांच्या बायकोनं तो माझ्या हातातून घेतला आणि नवऱ्याच्या पुढ्यात ठेवला. मला म्हणाली, "ताई, तुमी जा. आज हे करतील."

पहिला घाणा जळाला, दुसरा कच्चा राहिला. शर्टाला तेल उडालं. मुली खाली मान घालून हसत होत्या. बाई मात्र एकेक तुकडा शांतपणे चावून खात होती. सगळं संपल्यावर तिनं पाणी प्यायलं, हात पुसले आणि नवऱ्याला म्हणाली, "मीठ कमी हाय."

* * *

शाकाहारी मंडळींचं वेगळंच. एक निवृत्त काका मुलाच्या आग्रहाखातर आले होते. मुलगा इथल्याच एका कंपनीत इंजिनिअर. काकांनी आधी नवी कोरी जाळी मागितली, दिली. चिमटा नवा मागितला, दिला. पनीर आणि मशरूम ठेवले, तर म्हणाले, शेजारच्या टेबलाचा धूर इकडं येतोय आणि तो नॉनव्हेज आहे.

मी त्यांना कोपऱ्यातल्या टेबलावर हलवलं. चिमणी फुल केली. काका बराच वेळ वर बघत राहिले. मग मला जवळ बोलावून हळूच विचारलं, "हे सगळे पाइप वर जाऊन एकत्रच होत असतील ना?"

सकाळपासून माझे पाय दुखत होते. मी म्हटलं, "होय काका. वर गेल्यावर सगळ्यांचं एकच."

काकांनी पनीर उलटलं आणि जेवायला लागले.

* * *

आमचे शेफ हान सर. स्वभावानं देवमाणूस, पण जाळीच्या बाबतीत हट्टी. प्रत्येक घाण्यानंतर जाळी बदललीच पाहिजे. बदललेली जाळी घासायला पाणी लागतं, आणि त्या वर्षी आमची बोअर होळीलाच आटली होती. पाण्यावरून माझे आणि त्यांचे रोज वाद व्हायचे. मी इंग्रजीत, ते त्यांच्या इंग्रजीत. भांडी घासणाऱ्या मावश्या सांगायच्या, जाळी राखेनं घासू, कांद्यानं पुसू. हान सर मान हलवायचे आणि नवी जाळी काढायचे. टँकरची वाट बघत दोघंही गेटपाशी जाऊन उभे राहायचो.

एकदा दुपारी ते मागच्या पायरीवर बसून गावी आईशी फोनवर बोलत होते. सगळं कोरियनमध्ये. मी जवळून जाताना एकच शब्द ओळखीचा आला: "टँकर."

* * *

त्याआधीच्या थंडीत फुलंब्रीकडची मित्रमंडळी आली. ऑर्डर दिली, मटण आलं, ते त्यांनी बाजूला सारलं. गाडीतून एक गाठोडं आणलं आणि त्यातली ज्वारीची कोवळी कणसं शेगडीवर मांडली. त्या साली कुणाकडं धड ज्वारी नव्हती. यांच्या विहिरीला तेवढं पाणी टिकलं होतं, म्हणून जपून आणलेला हुरडा.

मी धावत गेले. म्हटलं, बाहेरचं खाणं चालत नाही. त्यांच्यातला एकजण कणीस हातावर चोळत म्हणाला, "बाहेरचं नाय ताई, शेतातलं हाय." आणि माझ्याच तळहातावर गरम दाणे ठेवले.

एवढ्यात शेजारच्या टेबलावरच्या कोरियन साहेबांनी मला खुणावलं. वास त्यांच्यापर्यंत पोचला होता. त्यांनी मेन्यू कार्ड उघडून माझ्यापुढं धरलं. म्हणाले, यातलं ते कुठलं, दाखवा.

* * *

आता हे शेवटचं. बोअर आटली त्याच उन्हाळ्यातलं.

एका कंपनीचे मोठे साहेब कोरियाहून आले होते. स्विमिंग पूलच्या कडेला, हिरवळीवर संध्याकाळचं जेवण ठेवलं होतं. भाऊसाहेब सूट घालून उभे. पहिला घाणा शेगडीवर पडला आणि मागच्या फाटकातून गावातल्या बायका आत आल्या. डोक्यावर हंडे, एकामागं एक. पुढं भाऊसाहेबांची सख्खी चुलती, सरूकाकू. म्हणून तर वॉचमननं अडवलं नव्हतं. गावाचा टँकर आला नव्हता. बायका सरळ पूलपाशी गेल्या, वाकल्या आणि हंडे भरू लागल्या. प्यायला नाही, पण धुण्या-भांड्याला चालतं.

सगळे पाहुणे उठून उभे राहिले. मोठ्या साहेबांनी दुभाष्याला विचारलं, दुभाष्यानं भाऊसाहेबांना विचारलं. भाऊसाहेबांच्या कपाळावर घाम. मी त्यांच्याकडं बघतेय, ते चुलतीकडं बघतायत. शेवटी त्यांच्या तोंडून निघालं, "कल्चरल प्रोग्राम."

टाळ्या पडल्या. फोन निघाले. सरूकाकू भरला हंडा डोक्यावर घेऊन पाहुण्यांकडं बघत क्षणभर थांबली, आणि हंडा घरी रिकामा करून दुसरी खेप करायला परत आली.

कंपनीला तो प्रोग्राम इतका आवडला की पुढच्या शुक्रवारच्या पाहुण्यांसाठीही तोच हवा, असा निरोप आला. भाऊसाहेबांना स्वतः काकूच्या घरी जावं लागलं. पूल भरलेला राहील ना, एवढंच तिनं विचारलं. तिथून पुढं दर शुक्रवारी आधी पूलमध्ये टँकर रिकामा व्हायचा, मग पाहुणे यायचे, मग बायका.

अशाच एका शुक्रवारी मी किचनमध्ये मसाल्याच्या वाट्या लावत होते. मागच्या दारात सरूकाकू येऊन उभी राहिली. पदर खोचलेला, काखेत हंडा.

"ताई, आज पावणे लई हायेत का?" तिनं विचारलं. "तसं असंल तर शेजारच्या वाडीच्या बाया बी आणते."